व्होल्टेज कमी केलं तरी लॅपटॉप काय ऐकंना? आधी हे बघा

थ्रॉटलस्टॉप (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करून लॅपटॉप थंड ठेवायचं सॉफ्टवेअर) टाकलं, व्होल्टेजला मायनस आकडा मारला, अप्लाय दाबलं आणि काहीच झालं नाही, असा मेसेज आला की मी पहिला प्रश्न विचारतो, प्रोसेसर कुठला? कारण निम्मं भांडण तिथंच मिटतं. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा, वर उजवीकडं नाव दिसेल. तिथं रायझन लिहिलं असेल तर थ्रॉटलस्टॉप तुमच्यासाठी नाहीच, ते फक्त इंटेलचं आहे. सेलेरॉन एन४०२० वगैरे, म्हणजे पोरांच्या अभ्यासासाठी घेतलेले ते स्वस्तातले ६ वॅटवाले लॅपटॉप, त्यातही हे व्होल्टेजचं गणित चालत नाही, उगाच रात्र घालवू नका. खरी मजा येते ती आय५-८२५०यू सारख्या १५ वॅटच्या यू सिरीजवर (नावाच्या शेवटी यू असलेले), सहाव्या ते आठव्या पिढीपर्यंत. दहाव्यात कुणाचं चालतं कुणाचं नाही, आणि अकराव्या पिढीच्या यू सिरीजपासून पुढं कंपनीनं कुलूप लावूनच दिलंय असं धरून चाला.

हे कुलूप आलं कुठनं ते पण सांगतो, कारण "गेल्या वर्षी चालत होतं, बायोस अपडेट केल्यावर बंद पडलं" हे लई जणांचं झालंय. (बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारं, मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर.) डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाचा एक हल्ला संशोधकांनी दाखवला, सॉफ्टवेअरनं व्होल्टेज मुद्दाम चुकीचं करून प्रोसेसरच्या आतल्या सुरक्षित कप्प्यातलं गुपित काढता येतं असा. मग इंटेलनं दुरुस्ती दिली आणि लॅपटॉप कंपन्यांनी बायोस अपडेटमधनं व्होल्टेज बदलायची सोयच बंद करायला सुरुवात केली. थ्रॉटलस्टॉपमधलं व्होल्टेजचं एफआयव्हीआर बटण दाबल्यावर आत "लॉक्ड" लिहून आलं तर समजायचं, दार बायोसनंच लावलंय. काही मशीनच्या बायोसमध्ये सोडवायचा पर्याय असतो, काहींवर जुना बायोस परत टाकता येतो, काहींवर कंपनी मागं जाऊच देत नाही. बायोसच्या आतले लपलेले आकडे बदलायचे व्हिडिओ पण आहेत, पण एक आकडा चुकला की लॅपटॉपचा पाट होतो, जेवायला बसायला बरा. मी ते केलेलं नाही आणि कुणाला करायला सांगणार पण नाही.

आता लॉक्ड नाही, सगळं मोकळं दिसतंय, तरी लागत नाही. एफआयव्हीआरच्या विंडोत वर उजवीकडं एक छोटा तक्ता असतो, त्यात कोअर (प्रोसेसरचा काम करणारा भाग) आणि कॅश (त्याची आतली छोटी मेमरी) यांच्यापुढं आत्ता खरोखर लागलेला ऑफसेट, म्हणजे मूळ व्होल्टेजमधनं केलेली वजाबाकी, दिसतो. डावीकडं तुम्ही स्लायडर कुठंही ओढा, खरं ते या तक्त्यात. तुम्ही मायनस ५० मिलिव्होल्ट दिलं आणि तिथं मायनस ४९.८ दिसलं तर बरोबर आहे, प्रोसेसर साधारण एक एक मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी मोजतो आणि ती पायरी पुरती एकची नसते, त्यामुळं असा आकडा येतो. शून्य दिसलं तर मात्र लागलेलं नाही.

शून्य दिसायची कारणं मी पाहिलीत ती अशी. एक तर "अनलॉक ॲडजस्टेबल व्होल्टेज" वर टिकच नाही. दुसरं, टिक फक्त कोअरवर केलीय आणि कॅश तसंच सोडलंय. या पिढ्यांवर दोन्हीला सारखा ऑफसेट द्यायचा, नुसतं कोअर खाली ओढून काही हाताला लागत नाही. तिसरं जरा गमतीचं आहे, थ्रॉटलस्टॉपमध्ये चार प्रोफाइल असतात आणि प्रत्येकाचं व्होल्टेज वेगळं सेव्ह होतं. तुम्ही पहिल्यात सगळं सेट केलं आणि चार्जर काढल्यावर सॉफ्टवेअर आपोआप बॅटरीच्या प्रोफाइलवर गेलं की तिथं सगळे आकडे कोरे, आणि तुम्ही म्हणणार बॅटरीवर चालत नाही. आणि इंटेलचं एक्सटीयू, म्हणजे व्होल्टेज बदलायचंच दुसरं सॉफ्टवेअर, पण टाकलं असेल तर दोन्हीतलं एक काढा. एका घरात दोन कारभारी झाले की काय होतं ते सांगायला नको.

यातलं काहीच नसेल तर विंडोजकडं वळा. स्टार्टमध्ये एमएसइन्फो३२ टाइप करा आणि खाली "व्हर्च्युअलायझेशन-बेस्ड सिक्युरिटी" ही ओळ शोधा. तिथं रनिंग असेल तर विंडोज स्वतःच एका पडद्याआड चालतंय आणि प्रोसेसरमध्ये व्होल्टेजचा आकडा ठेवायच्या जागेपर्यंत, म्हणजे रजिस्टरपर्यंत, थ्रॉटलस्टॉपचा हात पोचत नाही. विंडोज ११ च्या बऱ्याच मशीनवर हे आधीपासूनच चालू असतं. बंद करायचं तर विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन, त्यात मेमरी इंटिग्रिटी ऑफ आणि रिस्टार्ट. हायपर-व्ही किंवा व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म (विंडोजच्या आत दुसरी सिस्टीम चालवायच्या सोयी) चालू असेल तर ते पण आड येतं, डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजमध्ये लिनक्स वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. पण भावांनो, मेमरी इंटिग्रिटी ही शोभेची टिक नाही, खराब ड्रायव्हर आत घुसू नये म्हणून ती असते. ज्या लॅपटॉपवर दुकानाचं टॅली आणि बँकेचे व्यवहार चालतात तिथं मी ती चालूच ठेवतो, पाच-सहा डिग्रीसाठी तेवढी जोखीम मला तरी परवडत नाही. गेमिंग, अभ्यास, ड्रॉइंग असलं असेल तर तुमचं तुम्ही ठरवा.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. ऑफसेट लागलाय, तक्त्यात दिसतोय, तरी टेंपरेचर तेवढंच. यात बिघडलेलं काही नाही, १५ वॅटचा प्रोसेसर असाच वागतो. लांबच्या कामात त्याला पीएल१ म्हणून मर्यादा असते, समजा १५ वॅट, आणि ती भरेपर्यंत तो पळतच राहतो. व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर त्याच स्पीडला कामाची वीज साधारण १९ टक्के कमी लागते, कारण वीज व्होल्टेजच्या वर्गावर जाते. पण उरलेले वॅट तो खिशात ठेवत नाही, तेवढ्याच १५ वॅटमध्ये स्पीड वाढवतो. म्हणजे गुऱ्हाळावर चुलवणात जाळ तेवढाच पण काहिलीतला रस लवकर आटला असं. त्यामुळं बघायचं ते आधी २.४ गिगाहर्ट्झ होतं का आणि आता २.७ आहे का हे. आणि तुम्हाला स्पीड नको, थंडावाच पाहिजे असेल तर थ्रॉटलस्टॉपच्या टीपीएल बटणात, म्हणजे वॅटच्या मर्यादांच्या विंडोत, पीएल१ स्वतः १२ वर आणा, ती जागा लॉक नसेल तर. ज्यांचं व्होल्टेज बायोसनं लॉक केलंय त्यांनाही हीच वाट आहे, नाहीतर पॉवर ऑप्शनमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा, बहुतेक लॅपटॉपवर टर्बो (नेहमीच्या स्पीडच्या वर मारलेली उडी) बंद होतो आणि पंखा गप बसतो.

आता माझ्या मावसभावाची गोष्ट. तो उद्यमनगरात फौंड्रीच्या पॅटर्नची (साच्यांच्या नमुन्यांची) ड्रॉइंग करतो, हाच आय५-८२५०यू. रविवारी सकाळी मिसळ खाऊन घरी आला आणि लॅपटॉप पुढ्यात ठेवून म्हणाला, "दादा, तू सांगितलंस तसं मायनस शंभर केलं, आता तर फोल्डर उघडायला चहा होऊन जातोय." मी थ्रॉटलस्टॉप उघडलं तर स्पीड ०.४० गिगाहर्ट्झ, टेंपरेचर फक्त ४८. गरमच नाही तर हा दम का खातोय? लिमिट्स बटण दाबलं. त्या छोट्या विंडोत आत्ता काय अडवतंय ते लाल होतं आणि मघाशी काय अडवून गेलं ते पिवळं. पीएल१ काही नाही, थर्मल काही नाही, फक्त प्रॉकहॉट लाल. बीडी प्रॉकहॉट म्हणजे प्रोसेसरला बाहेरनं, मदरबोर्डकडनं येणारी "थांब, हळू चाल" अशी खूण, आणि ती चार्जर किंवा बॅटरी ओळखता आली नाही तरी येऊ शकते. म्हटलं चार्जर कुठला, तर जुना जळाला म्हणून एका दुकानातनं स्वस्तातला घेतलेला. पिन बसत होती, लाइट पण लागत होती. काढला तो चार्जर, बॅटरीवर २.९ ला गेला. परत लावला, ०.४०. चार वेळा करून दाखवलं तेव्हा पटलं त्याला की यात मायनस शंभरचा काही संबंध नव्हता.

मेन विंडोत बीडी प्रॉकहॉटची टिक काढली की स्पीड परत येतो, आणि निदानासाठी तेवढं करून बघायला हरकत नाही. पण तसंच सोडून देऊ नका, ती खूण चार्जरवर जास्त लोड येऊ नये म्हणूनही असते. बरोबर वॅटचा चार्जर घ्या. आणि फौंड्रीच्या भागात लॅपटॉप वापरता तर खालचं झाकण काढून पंखा एकदा बघाच, मावसभावाच्या लॅपटॉपच्या हीटसिंकमधनं (उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीतनं) काळ्या धुळीची अक्षरशः पट्टी निघाली, चटईसारखी. ती काढल्यावर जेवढे डिग्री उतरले तेवढे ऑफसेटनं उतरले नसते.

हँग होणाऱ्यांसाठी. सुरुवात मायनस ५० ने करा, मग दहा-दहानं खाली, ७० च्या पुढं पाच-पाचनं. कुणीतरी मायनस १२० चा स्क्रीनशॉट टाकला म्हणून तुमचा चिप तेवढा सोसेल असं नाही, एकाच मॉडेलचे दोन चिप वेगळे निघतात. टेस्ट करताना खाली "डू नॉट सेव्ह व्होल्टेजेस" निवडा, म्हणजे हँग झाला तर पॉवर बटण दाबून धरायचं आणि रिस्टार्टला सगळं शून्यावर. ऑफसेट चिपमध्ये कोरला जात नाही, त्यामुळं घाबरायचं काम नाही, पण उघडी फाइल मात्र खराब होऊ शकते, ड्रॉइंग सेव्ह करूनच खेळा. टीएस बेंचमध्ये, म्हणजे थ्रॉटलस्टॉपच्या स्वतःच्या टेस्टमध्ये, एरर शून्य आले म्हणून लगेच खूश होऊ नका. फुल लोडला टिकणारा ऑफसेट लॅपटॉप निवांत असताना, नुसतं यूट्यूब चालू असताना पण हँग करतो, कारण हलक्या कामात एकच कोअर वरच्या टर्बोला उडी मारतो आणि परत खाली येतो. म्हणून चार दिवस नेहमीचं काम करा आणि मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम लॉगला व्हिया-लॉगर (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांची नोंद) नावानं काही आलंय का बघा. एक जरी वॉर्निंग दिसली तरी दहा मिलिव्होल्ट परत वर घ्या, हँग व्हायची वाट बघू नका.

सेव्ह केलं, ऑटोस्टार्टला टाकलं आणि आता चालू होता होताच हँग होतोय? सेफ मोडमध्ये जा, थ्रॉटलस्टॉपच्या फोल्डरमधली थ्रॉटलस्टॉप डॉट आयएनआय ही फाइल डिलीट करा, सगळी सेटिंग तिथंच असतात. आणि उलटं दुखणं, म्हणजे रोज चालू केल्यावर ऑफसेट गायब, तर टास्क शेड्यूलरमधला थ्रॉटलस्टॉपच्या ऑटोस्टार्टचा टास्क उघडा. "रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस" वर टिक पाहिजे, कंडिशन्समध्ये "ओन्ली इफ ऑन एसी पॉवर" ची टिक काढायची, आणि सेटिंग्जमध्ये तीन दिवसांनी टास्क थांबवायची ओळ असते ती पण काढायची. ही शेवटची माझीच राहिली होती. लॅपटॉप मी कधी बंद करत नाही, नुसता झाकतो, आणि दर चौथ्या दिवशी पंखा का ओरडतोय ते कळायला मला दोन महिने लागले.