एकट्या आजींकडे जाताना मेथीची जुडी घेऊन जा

शेजारच्या एकट्या आजींकडे "सहज आले" म्हणून गेलं, की तब्येत, औषधं आणि मुलाचा फोन हे विषय पाच मिनिटांत संपतात. मग दोघीही घड्याळाकडे बघायला लागतात. त्यापेक्षा काम घेऊन जा.

१. निवडायची भाजी न्या. मेथी सगळ्यात बरी, कारण तिला वेळ लागतो. मटार, पावटेही चालतील. हात गुंतलेले असले की मधे कुणी गप्प बसलं तरी अवघडल्यासारखं होत नाही, आणि जुन्या गोष्टी आपोआप निघतात. (आजोबाही मेथी छान निवडतात, विचारून तर बघा.)

२. "काही मदत हवी का?" असं विचारू नका. "मला जरा हात लावाल का?" म्हणा. पहिल्याला बहुतेक वेळा "नको गं" हेच उत्तर येतं.

३. वार आणि वेळ ठरवा. आठवड्यातून अर्धा तास पुरतो. जमणार नसेल तर आदल्या दिवशीच कळवा, कारण त्या दिवशी दुपारची झोप सोडून वाट बघितली जाते.

एक पथ्य: त्यांनी आग्रह केला तरी एटीएमचा पिन, ओटीपी यांना हात लावू नका. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत सोबत जरूर जा, पण व्यवहार त्यांनाच करू द्या.

तुम्ही गावाला जाणार असाल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत हेल्पलाइन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवा. तो सकाळी ८ ते रात्री ८ चालू असतो.