आई-आप्पांना डिस्नेला नेताय? आधी तिथल्या बस, बोटी आणि मोनोरेलचे नियम समजून घ्या

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून अमेरिकेतल्या ऑर्लँडोत नोकरीला आलेल्या पोरांचं बस्तान जरा बसलं, की गावाकडून आई-आप्पा येतात आणि पहिला बेत ठरतो तो डिस्नेचा. तिकिटं कुठली काढायची यावर घरात आठवडाभर चर्चा होते. पण कुठल्या गाडीत कोण बसू शकतं, मोटार कुठं लावायची, आईच्या गुडघ्यांचं काय करायचं, हे कुणी विचारत नाही. माणसं दमतात ती तिथंच. मी मूळची खानापूर भागातली, या बाजूला राहून बरीच वर्षं झाली. नवीन आलेली मुलं फोन करून जे विचारतात, ते सगळं इथं एकदा नीट लिहिते आहे.

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक बाग नव्हे. सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या जागेत चार मोठी पार्क (मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम), दोन पाण्याची पार्क, वीसहून जास्त हॉटेलं आणि डिस्ने स्प्रिंग्स नावाचा बाजार आहे. मॅजिक किंगडमहून अ‍ॅनिमल किंगडमला चालत जाता येत नाही. त्यासाठी बस, मोनोरेल, बोटी आणि स्कायलायनर नावाचे हवेतले पाळणे आहेत, आणि या सगळ्यांचा प्रवास फुकट आहे. एकच गोष्ट आता फुकट राहिली नाही, ती म्हणजे विमानतळावरून हॉटेलला नेणारी डिस्नेची बस. ती २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत अजूनही ‘एअरपोर्टवर डिस्नेची फुकट गाडी असते’ असं फिरतं, त्यावर विसंबून आई-वडिलांना एकटं पाठवू नका. ती गाडी नाही. पैसे देऊन जाणाऱ्या बस आहेत, टॅक्सी आहेत, नाहीतर तुम्ही स्वतः आणायला जा. लांबच्या विमानप्रवासानं शिणलेल्या माणसांना तुम्ही गेलेलंच बरं.

मोटारीचं आधी सांगते, कारण आपल्यातले बहुतेक जण इथं घर घेऊन राहतात, डिस्नेच्या हॉटेलात उतरत नाहीत. पार्कच्या पार्किंगला दिवसाचे पैसे पडतात. पैसे एकदा भरले की त्याच दिवशी दुसऱ्या पार्कला पुन्हा द्यावे लागत नाहीत, म्हणून पावती जपून ठेवा. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्कचं पार्किंग मोफत असतं. वार्षिक पास असलेल्यांनाही. डिस्ने स्प्रिंग्सचं पार्किंग सगळ्यांना फुकट, पण तिथून पार्ककडे थेट बस नाही. आता काही जण युक्ती सांगतात, की मॅजिक किंगडमजवळच्या एखाद्या हॉटेलात गाडी लावायची आणि तिथून मोनोरेलनं पार्कात जायचं. हे करू नका. हॉटेलच्या फाटकावर ओळखपत्र बघतात, काय काम आहे विचारतात. जेवणाचं आरक्षण असेल तर सोडतात, पण ते जेवणापुरतं. नाताळात किंवा ४ जुलैला आरक्षण नसेल तर सरळ परत फिरवतात. मागच्या सीटवर आप्पा बसलेले असताना फाटकावर खोटं बोलायची वेळ स्वतःवर आणू नका. पार्किंगचे पैसे भरा आणि मोकळ्या मनानं जा.

मॅजिक किंगडमचं पार्किंग पार्कच्या दारात नाही, तळ्याच्या अलीकडे आहे. तिथं बॅगा तपासतात, मग पुढं दोन वाटा: मोठी फेरीबोट किंवा मोनोरेल. मोनोरेलच्या तीन मार्गिका आहेत. एक थेट मॅजिक किंगडमला जाते, दुसरी वाटेत तीन हॉटेलांना थांबत जाते, तिसरी एपकॉटला. मोनोरेलसाठी पार्कचं तिकीट लागत नाही. त्यामुळं ज्या दिवशी पार्कात जायचं नाही, त्या दिवशी हॉटेलात जेवणाचं आरक्षण करून आई-आप्पांना मोनोरेलनं तळ्याभोवती एक फेरी मारून आणता येते. हॉटेलांच्या स्थानकावरही बॅग तपासतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. चालकाच्या डब्यात बसायला मिळतं असं कुणी सांगितलं तर ती जुनी गोष्ट आहे, २००९ च्या अपघातानंतर ते बंद झालं.

अ‍ॅनिमल किंगडमला मोनोरेल नाही, बोट नाही, पाळणाही नाही. बस नाहीतर स्वतःची मोटार, बस्स.

स्कायलायनर २०१९ साली सुरू झाला. एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला तो जातो, पण एपकॉटला तो मुख्य दारात नाही, मागच्या दाराशी सोडतो. हे ठाऊक नसलं की एकमेकांना शोधण्यात तास जातो. एका पाळण्यात १० माणसं मावतात. स्थानकावर पाळणा पूर्ण थांबत नाही, हळू सरकत राहतो. सरकत्या पाळण्यात पाय टाकायची भीती वाटणाऱ्या आज्जी असतील तर तिथल्या माणसाला आधी सांगा. व्हीलचेअरसाठी वेगळी मार्गिका असते, तिथं पाळणा थांबवून चढवतात. आत एसी नाही, वारा खेळतो तेवढाच. वीज चमकायला लागली की सेवा थांबते, बोटीही थांबतात. आपल्याकडं खानापूर-जांबोटीला दिवसदिवस संततधार लागते, तिची आपल्याला सवय आहे. इथला उन्हाळ्यातला पाऊस तसा नाही. जून ते सप्टेंबर दुपारी ढग दाटतात आणि कडकडाट करून मोकळे होतात. म्हणून दुपारी परतायचं असेल तर पाळण्याच्या भरवशावर राहू नका, बसचा थांबा कुठं आहे ते सकाळीच बघून ठेवा.

आता बस. हॉटेलातून पार्कला, पार्कातून हॉटेलला, एका पार्कातून दुसऱ्या पार्कला बस असते. एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलला थेट बस नाही, मध्ये पार्कला किंवा डिस्ने स्प्रिंग्सला बदलावी लागते. साधारण वीस मिनिटांनी एक असा हिशोब धरा. बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकात गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायची आपली रीत. तिथं ती गरजेची असते, उभ्यानं खानापूर गाठावं लागलेला माणूस दुसरं काय करणार? इथं मात्र रांग हीच सीट. एकानं पुढं उभं राहायचं आणि बस आली की मागून सहा जणांनी त्याच्याजवळ घुसायचं, याचा लोकांना फार राग येतो. कुणी तोंडानं बोलणार नाही, पण आई-आप्पांकडं ज्या नजरेनं बघतील ती तुम्हाला सोसणार नाही. आधी सगळे गोळा व्हा, मग रांगेत उभे राहा. पुढच्या माणसाला खेटू नका.

वयस्कर माणसाला कुणीतरी उठून जागा देईलच असं नाही. दिवसभर चालून तेही दमलेले असतात. उभ्यानं जायचं नसेल तर ‘पुढच्या बसनं येतो’ असं सांगून रांगेत मागच्यांना वाट द्या, पुढच्या बसला तुम्हीच पहिले असाल. बाबागाडी बस यायच्या आधीच रिकामी करून, मिटून हातात धरायची. मोनोरेलला आणि मोठ्या फेरीबोटीला मिटावी लागत नाही. बाबागाडीची रुंदी ३१ इंच आणि लांबी ५२ इंच यापेक्षा जास्त चालत नाही, आणि मुलांना ओढून न्यायच्या चारचाकी वॅगनला २०१९ पासून बंदीच आहे. गावाकडून कुणी मोठी बाबागाडी आणणार असेल तर आधी मापं कळवा. चालकाला टीप द्यायची नसते, उतरताना ‘थँक यू’ म्हटलं की पुरे.

सगळ्यात जास्त मला सांगायचं आहे ते व्हीलचेअरबद्दल. आपल्याकडच्या बायका गुडघे धरून धरून चालतील, पण खुर्चीत बसणार नाहीत. ‘लोक काय म्हणतील? मी काय अपंग झाले का?’ मग दुपारी दोनपर्यंत पाय सुजतात, घरचे चिडतात आणि ज्यांच्यासाठी सगळा घाट घातला ती आईच कुठंतरी बाकावर बसून राहते. हे मी दर उन्हाळ्यात पाहते आणि जीव तुटतो. पार्कात सकाळी फिरायला सुरुवात केली की रात्रीपर्यंत दहा-बारा किलोमीटर सहज होतात. यल्लम्माच्या डोंगरावर अनवाणी चढलेल्या बाईलासुद्धा सिमेंटवर, त्या दमट उन्हात, हे झेपेलच असं नाही. घरातून निघायच्या आधीच ठरवा. पहिल्या दिवसापासून खुर्ची घ्या, पाय दुखायची वाट बघू नका.

घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पार्कच्या आत भाड्यानं मिळणारी व्हीलचेअर पार्कबाहेर नेता येत नाही, म्हणजे बसला, बोटीला ती उपयोगाची नाही. बाहेरच्या दुकानातून दिवसाच्या भाड्यानं घ्या, किंवा साधी घडीची विकतच घेऊन टाका, पुढच्या वर्षी सासू-सासरे येतील तेव्हाही लागेल. बसमध्ये व्हीलचेअरवाले आधी चढतात. चालक उतार लावतो, खुर्ची पट्ट्यांनी बांधतो, तोवर बाकीची रांग थांबते. एका बसमध्ये अशा दोन-तीनच जागा असतात, त्या भरल्या असतील तर पुढच्या बसची वाट बघायची. सोबत घरचे किती जण चढू शकतात ते चालक सांगतो. मामा, मामी, भाचे मिळून सगळा गोतावळा खुर्चीमागून आत शिरू नये, एकदोघं आईजवळ राहावेत आणि उरलेल्यांनी रांगेत यावं. मोनोरेलला फलाटावरचा माणूस फळी टाकून देतो. मोठ्या फेरीत खुर्ची सरळ आत जाते, पण हॉटेलांच्या लहान बोटी प्रत्येक खुर्ची घेऊ शकत नाहीत, धक्क्यावर विचारून घ्या.

आणि चालता येणाऱ्या माणसाला नुसतं आधी चढायला मिळावं म्हणून खुर्चीत बसवणारे लोकही इथं दिसतात. आपल्या माणसांनी ते कधीही करू नये. त्या दोन जागा कुणाच्या तरी आईच्या आहेत.

खाण्याचं सोपं आहे. पार्कात घरचं खाणं नेता येतं. चपात्या, दडपे पोहे, चिवडा, स्टीलचा डबा, सगळं चालतं. काचेची बरणी चालत नाही, म्हणून लोणचं प्लॅस्टिकच्या डबीत भरा. बसमध्ये मात्र डबा उघडू नका, बंद एसीत लसणाच्या चटणीचा वास सगळ्यांच्या अंगावर जातो. फोनचंही तसंच. रात्री नऊला इथं आतषबाजी होते तेव्हा उन्हाळ्यात बेळगावात सकाळचे साडेसहा वाजलेले असतात, घरचे चहाला उठलेले असतात. त्यामुळं परतीच्या बसमध्ये व्हिडिओ कॉल लावायचा मोह होतोच. मांडीवर झोपलेली पोरं घेऊन माणसं बसलेली असतात. इयरफोन घाला, नाहीतर आतषबाजी चालू असतानाच नातवंडांना दाखवा.

रात्रीच्या परतीचं नियोजन आधी करा. आतषबाजी संपली की मॅजिक किंगडममधून सगळे एकदम बाहेर पडतात. उबर तिथं पार्कच्या दाराशी येत नाही, तळ्यापलीकडच्या पार्किंगपाशी थांबते. म्हणजे मोटारीनं आलेल्यांनाही आणि उबरवाल्यांनाही आधी फेरी किंवा मोनोरेल गाठावी लागते. गर्दीबरोबर धावू नका. पार्क बंद झाल्यावरही दाराजवळच्या मेन स्ट्रीट या रस्त्यावरची दुकानं तासभर उघडी असतात आणि बसही तासभर तरी चालू राहतात. आईला स्वच्छतागृहात नेऊन आणा, आप्पांना बाकावर बसवून पाणी द्या, अर्धा तास जाऊ द्या आणि मग फेरीचा धक्का धरा. तोवर गर्दी ओसरलेली असते आणि खालच्या मजल्यावर बसायला जागा मिळते.