मोकळ्या जागेवर झाडे लावण्याआधी मे महिन्यातल्या पाण्याचा हिशेब मांडा

जुलै महिन्यात महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत रविवारी सकाळी कुठे ना कुठे वृक्षारोपण चालू असते. फलक लागतात, फोटो निघतात, चहा होतो आणि मंडळी घरी जातात. पुण्यासारख्या शहरात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. त्यामुळे परतीच्या सरी ओसरल्यावर नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत सुमारे सात महिने नव्या रोपाला माणसानेच पाणी द्यावे लागते. वस्तीतली एखादी पडीक जागा, टेकडीचा उतार किंवा ओढ्याचा काठ स्वयंसेवकांच्या बळावर हिरवा करायचा असेल, तर किती रोपे लावायची याचा निर्णय मे महिन्यात हाताशी किती माणसे आणि किती पाणी असेल, यावरून घ्यावा.

हा हिशेब कागदावर मांडता येतो. रखरखत्या उन्हात दोन-तीन फुटी रोपाला एका वेळी किमान दहा लिटर पाणी लागते आणि ते आठवड्यातून दोनदा द्यावे लागते. परीक्षा, लग्नसराई आणि गावाकडच्या जत्रा यांतून वाचून आठ माणसे येतील असे धरू. प्रत्येकाने पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेऊन तीन फेऱ्या मारल्या, तर २४० लिटर पाणी वर पोहोचते आणि ते २४ रोपांना पुरते. म्हणजे पहिल्या वर्षी २४ रोपे. ऐकायला हा आकडा फार लहान वाटतो आणि बैठकीत कोणीतरी हमखास ‘निदान पाचशे तरी लावू’ असे म्हणतो. त्या वेळी वहीतला हाच हिशेब पुढे करावा. जवळच्या मोठ्या सोसायटीत सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प असेल आणि तिथले पाणी नळीने किंवा टँकरने मिळणार असेल, तर आकडा वाढवायला हरकत नाही. मात्र ते पाणी वर्षभर देण्याची लेखी तयारी सोसायटीने आधी दाखवली पाहिजे.

जागा कोणाची, हे आधी शोधा

मोकळी दिसणारी जागा बेवारस क्वचितच असते. ती महापालिकेची, वन विभागाची, एखाद्या सोसायटीच्या मंजूर आराखड्यातली सामायिक खुली जागा किंवा चक्क खासगी मालकाचीही असू शकते. सातबारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक आणि शहराचा विकास आराखडा ही कागदपत्रे पाहिल्यावर बहुतेक शंका फिटतात. आराखड्यात ती जागा रस्त्यासाठी राखून ठेवलेली निघाली, तर तिथे वड लावून पुढे दहा वर्षांनी रडत बसण्यात अर्थ नाही. टेकड्यांच्या बाबतीत एकाच उतारावर वन विभागाची, पालिकेची आणि खासगी मालकीची हद्द लागोपाठ येते, म्हणून जागेवर जाऊन हद्दीचे दगड पाहून घ्यावेत.

मालकी कळल्यावर पालिकेचा उद्यान विभाग किंवा वन विभागाचे परिक्षेत्र कार्यालय यांच्याकडे लेखी अर्ज करावा. परवानगीच्या पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात: पाणी कोण देणार, कुंपण व दरवाजा कोणाच्या ताब्यात राहणार आणि जागा सर्वांना खुली राहणार की नाही. शेवटच्या मुद्द्याबाबत फार काटेकोर असावे. मुंबईत मैदाने व उद्याने दत्तक देण्याचे धोरण २०१६ मध्ये असेच वादात सापडले आणि त्याला स्थगिती द्यावी लागली. सार्वजनिक जागा ठरावीक लोकांच्या हाती जाईल, ही भीती त्या वादाच्या मुळाशी होती. आपला गट कितीही सद्भावनेचा असला, तरी दरवाजाला आपलेच कुलूप लागले की वस्तीतले लोक त्या जागेला ‘त्यांची बाग’ म्हणू लागतात आणि मग मे महिन्यात पाण्याला कोणी येत नाही.

जागेवर आधीपासून कोण वावरते, हेही पाहिले पाहिजे. मुले क्रिकेट खेळतात तो तुकडा मोकळाच सोडावा. तिथे लावलेली रोपे तशीही टिकत नाहीत, आणि खेळणाऱ्या मुलांनाच पुढे पाणी घालायला सोबत घेता येते.

काय लावावे आणि काय लावू नये

जागेवर आज जे उगवले आहे, ते एक पूर्ण वर्ष नुसते पाहावे, असा सल्ला दिला तर उत्साही मंडळी नाराज होतात. पण निदान एक पावसाळा तरी थांबावे. पुण्याच्या टेकड्या मुळात विरळ झाडांच्या आणि गवताळ आहेत. पवन्या, मारवेल, कुसळी अशा गवतांवर तिथले कीटक आणि पक्षी जगतात, आणि टिटवी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालते. असा गवताळ तुकडा खोदून तिथे दाट झाडी उभी करणे म्हणजे एक चांगला अधिवास मोडून दुसरा कच्चा अधिवास तयार करणे होय. याच टेकड्यांवर पूर्वी मोठ्या प्रमाणावर गिरिपुष्प लावले गेले. ते झपाट्याने वाढले, पण त्याच्या दाट गर्दीखाली स्थानिक झाडे आणि गवत फारसे डोके वर काढत नाहीत. दोन-दोन फुटांवर रोपे कोंबून ‘घनवन’ करण्याची सध्याची हौस अशा कोरड्या, मुरमाड उतारावर मला तरी पटत नाही.

मुरमाड जागेत बहावा, पळस, पांगारा, काटेसावर, कडुनिंब, शिवण, आपटा, वारस, बेल यांची निवड करावी. ओढ्याकाठी करंज, अर्जुन, उंबर आणि जांभूळ चांगले येतात. झाडांच्या जोडीने करवंद, निर्गुडी, अडुळसा अशी झुडपेही लावावीत, कारण लहान पक्ष्यांना आडोसा झुडपांतच मिळतो. वड आणि पिंपळ यांना विस्तारायला भरपूर जागा हवी आणि ते भिंती व जलवाहिन्यांपासून दूर असावेत. सुबाभूळ, निलगिरी, कोनोकार्पस आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ फुकट मिळाली तरी नाकारावीत. रोपे पालिकेच्या किंवा सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकेतून घ्यावीत, आणि रोप निवडताना उंचीपेक्षा खोडाची जाडी आणि मुळांची स्थिती पाहावी.

खड्डा, रोप आणि आळे

खड्डे एप्रिल-मे महिन्यांत खोदावेत, म्हणजे माती उन्हात चांगली तापते आणि पावसाळ्यापूर्वी काम उरकते. साधारण दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो. कठीण मुरूम असेल तर तीन फुटांचा घ्यावा. वरची काळसर माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाकावा, कारण भरताना वरची माती आणि चांगले कुजलेले शेणखत मुळांजवळ जायला हवे. कच्चे शेण कधीही टाकू नये. ते कुजताना तापते आणि त्यामुळे वाळवीही येते.

लावणी जूनच्या उत्तरार्धात, दोन-तीन दमदार पाऊस होऊन जमीन खोलवर भिजल्यावर सुरू करावी आणि शक्यतो जुलैअखेर संपवावी. उशिरा लावलेल्या रोपाला पाऊस थांबण्याआधी मुळे पसरवायला वेळ मिळत नाही.

प्रत्यक्ष लावणीत सर्वाधिक घाई पिशवी काढताना होते, म्हणून इथे थोडे थांबावे. रोप आडवे धरून काळी प्लॅस्टिकची पिशवी ब्लेडने उभी चिरावी, मातीचा गोळा तळहातावर घ्यावा आणि तळाशी पाहावे. पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळे तळाशी गोल गोल गुंडाळलेली असतात. ती तशीच लावली तर पुढेही गोलच वाढतात आणि पाच-सहा वर्षांनी वादळात झाड मुळासकट आडवे होते. असे वेटोळे धारदार कात्रीने कापून टाकावे. थोडी मुळे गेली तरी रोप सावरते. त्यानंतर गोळा खड्ड्यात असा ठेवावा की, खोड जिथे मुळांना मिळते तो भाग जमिनीच्या पातळीवर राहील, कारण खोड मातीत गाडले गेले की साल कुजते. माती पायाने तुडवू नये, हाताने दाबावी. रोपापासून वीतभर अंतरावर बांबू ठोकावा आणि सुतळी इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधावी, म्हणजे वाऱ्यात खोड थोडे हलते आणि त्यामुळेच जाड होते. रिकाम्या पिशव्या मोजून परत न्याव्यात. चोवीस रोपे असतील तर चोवीस पिशव्या परत आल्या पाहिजेत.

पाऊस उघडल्यावर रोपाभोवती दीड-दोन फूट रुंदीचे आळे करून त्यात चार बोटे जाडीचा पालापाचोळा पसरावा. तो खोडाला मात्र टेकू देऊ नये. या एका कामाने पाण्याची मोठी बचत होते. रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी द्यावे. थोड्या पाण्याने मुळे वरच्या थरातच राहतात आणि एका आठवड्याचा खंड पडला तरी रोप वाळते. पाणी हवे की नको हे ठरवण्यासाठी पाला बाजूला सारून बोट दोन पेरे मातीत खुपसावे. टोकाला ओल लागली, तर ते पाणी शेजारच्या रोपाला द्यावे.

तण, वणवा आणि कुऱ्हाड

गाजरगवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना हातमोजे घालून मुळासकट उपटावे. घाणेरी एकदम सगळी काढू नये, तुकड्या-तुकड्याने काढत तिच्या जागी देशी झुडपे लावत जावे. गवतात हात घालण्यापूर्वी काठीने चाहूल द्यावी आणि पायात बूट असावेत, कारण घोणस टेकड्यांवर सर्रास आढळते.

टेकडीवर उन्हाळ्यातला सर्वांत मोठा धोका वणव्याचा असतो, आणि तो बहुतेक वेळा विडी-सिगारेटचे थोटूक किंवा मुद्दाम लावलेली काडी यांतून पेटतो. गवताचे बी पडून गेल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, लावणीभोवती आणि पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी गवत कापून जाळरेषा काढावी. वन विभागाच्या हद्दीत हे काम त्यांना कळवून आणि शक्यतो त्यांच्या कर्मचाऱ्यांसोबत करावे. कापलेले गवत जाळू नये, आळ्यांत घालावे. उरलेला पाला तारेच्या जाळीच्या गोल पिंजऱ्यात भरून वर शेणकाला शिंपडावा आणि ओल टिकवावी. पुढच्या लावणीपर्यंत त्याचे खत होते.

जुन्या झाडाची एखादी फांदी अडचणीची वाटली, तरी स्वतः कुऱ्हाड चालवू नये. १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार झाड तोडणे किंवा त्याला इजा करणे यासाठी परवानगी लागते, त्यामुळे छाटणीसाठीही पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. झाडाला खिळे ठोकून आपल्याच मंडळाचा फलक लावणारे लोकही पाहायला मिळतात. त्यांना हा अधिनियम वाचायला द्यावा.

तीन उन्हाळे आणि एक वही

प्रत्येक रोपाला क्रमांक देऊन वहीत त्याची जात, लावल्याचा महिना, पाण्याच्या तारखा आणि पाणी घालणाऱ्याचे नाव लिहावे. ज्या दिवशी कोणीच आले नाही, तो दिवसही नोंदवावा. दर वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात जगलेली रोपे मोजावीत आणि मेलेल्या रोपांची कारणे शोधावीत: वाळवी, गुरे, पाणी की चुकीची जागा. ज्या खड्ड्यात दोनदा रोप मेले, तिथे तिसऱ्यांदा तीच जात लावू नये. नव्या वर्षाची रोपे जुन्यांच्या पाण्याची गरज भागून उरलेल्या मनुष्यबळातूनच ठरवावीत. त्यामुळे दुसऱ्या वर्षी २४ ऐवजी दहाच रोपे लावावी लागली, तरी तो निर्णय बरोबरच असतो.

दुसऱ्या उन्हाळ्यात पाण्याची पाळी आठवड्यातून एकदा आणि तिसऱ्यात पंधरा दिवसांतून एकदा करावी. तिसऱ्या पावसाळ्यानंतर बांबू आणि सुतळी काढावी, आणि लोखंडी जाळीचे संरक्षक पिंजरे खोडात रुतण्यापूर्वी कापून पुढच्या रोपांसाठी ठेवावेत. शहरात रस्त्याकडेला अशा पिंजऱ्यांत अडकून आवळलेली झाडे अनेक दिसतात, आणि एकदा खोडाने सळई गिळली की ती काढणे पालिकेच्या कर्मचाऱ्यांनाही जमत नाही.