मध्यम लहरींच्या रेडिओवर ४० मीटर पट्टा उतरवणारा कन्व्हर्टर

हा कन्व्हर्टर म्हणजे ४० मीटर पट्ट्यातील संकेत मध्यम लहरींच्या साध्या रेडिओवर ऐकता येतील अशा वारंवारतेवर आणणारे छोटे मंडल. अँटेनाचा संकेत आणि ऑसिलेटरचा (ठरावीक वारंवारता निर्माण करणाऱ्या मंडलाचा) संकेत मिक्सरमध्ये एकत्र आले की त्यांच्या बेरजेच्या व वजाबाकीच्या वारंवारता निर्माण होतात. येथे आपल्याला वजाबाकी हवी आहे. ऑसिलेटरसाठी ६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल घेतल्यास ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा हॅम पट्टा (हौशी रेडिओचालकांचा ४० मीटर पट्टा) १००० ते १२०० किलोहर्ट्झवर उतरतो, आणि रेडिओवरील आकड्यात ६००० मिळवले की खरी वारंवारता मिळते. केवळ या सोयीसाठीही हाच क्रिस्टल निवडावा.

एसए६१२ या आयसीत मिक्सर व ऑसिलेटर दोन्ही असतात. पिन ६ पासून ग्राउंडपर्यंत क्रिस्टल, पिन ६ व ७ यांच्यामध्ये १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि पिन ७ पासून ग्राउंडपर्यंत तसाच दुसरा कपॅसिटर जोडावा. पिन ३ ग्राउंडला, तर पिन ८ ला ६ व्होल्टच्या रेग्युलेटरमधून पुरवठा द्यावा. ९ व्होल्टची नवी बॅटरी थेट जोडल्यास आयसीची मर्यादा ओलांडली जाते.

खरी मेहनत घ्यावी ती प्रवेशाच्या फिल्टरवर. रेडिओ ११०० किलोहर्ट्झवर असताना ७.१ मेगाहर्ट्झप्रमाणेच ४.९ मेगाहर्ट्झचा संकेतही तेथेच येऊन बसतो, कारण ६ मधून ४.९ वजा केल्यावरही १.१ च उरतात, आणि एकदा मिसळलेले हे दोन संकेत पुढच्या कोणत्याही टप्प्यात वेगळे करता येत नाहीत. म्हणून टी५०-२ या लाल टोरॉइडवर (कड्याच्या आकाराच्या गाभ्यावर) २६ वेढे गुंडाळावेत, त्याला समांतर १२० पिकोफॅरडचा कपॅसिटर व ५० पिकोफॅरडचा ट्रिमर (फिरवून जुळवता येणारा कपॅसिटर) लावावा, अँटेनासाठी वर वेगळे चार वेढे द्यावेत आणि कॉइलचे वरचे टोक ०.०१ मायक्रोफॅरडमधून पिन १ ला न्यावे. पिन २ तेवढ्याच कपॅसिटरने ग्राउंड करावी. रात्री नको ती केंद्रे घुसत असल्यास अशीच दुसरी कॉइल सुमारे १० पिकोफॅरडने जोडावी.

पिन ४ चा संकेत ०.०१ मायक्रोफॅरडमधून रेडिओच्या फेराइट दांड्यावरील पाच-सहा वेढ्यांना द्यावा व वेढ्यांचे दुसरे टोक ग्राउंड करावे. मुंबईत आकाशवाणीचे १०४४ किलोहर्ट्झवरील केंद्र हा दांडा थेटही पकडतो. रेडिओ फिरवून दांड्याचे टोक प्रक्षेपकाकडे केल्यास हा उपद्रव बराच घटतो. ७.२ मेगाहर्ट्झच्या वरील प्रसारण केंद्रे साध्या रेडिओवर नीट ऐकू येतात, परंतु हॅम मंडळींचे बोलणे बहुधा एकपार्श्व पट्ट्यात (वाहक लहरीविना, एसएसबी पद्धतीने) असल्याने ते समजण्यासाठी रेडिओजवळ ४५५ किलोहर्ट्झचा, म्हणजे रेडिओच्या आतील मध्यस्थ वारंवारतेचा, आणखी एक ऑसिलेटर चालू ठेवावा लागतो.