उचल, हजेरी आणि कोळशाचं पोतं : केटरिंगच्या धंद्यात वेठबिगारी शिरू नये म्हणून काय करावं

लग्नसराईत एका रात्रीसाठी चाळीस वाढपी लागतात आणि ते आपण कुणातरी कंत्राटदाराकडून मागवतो. मीही वर्षानुवर्षं तसेच मागवले. एकदा मांडव आवरताना, रात्री दोन वाजता, भांडी घासणाऱ्या विशीतल्या पोराच्या हातावर मी शंभराची नोट ठेवली. तो ती तशीच घेऊन गेला आणि कंत्राटदाराच्या माणसाच्या खिशात घालून आला. विचारलं तर म्हणाला, "आमचे पैसे त्यांच्याकडंच असतात." त्या रात्री मला झोप लागली नाही. खाली लिहिलंय ते त्यानंतर करत गेलो.

आधी आपली उचलीची वही काढा

उचल दिल्याशिवाय आपल्या धंद्यात माणूस टिकत नाही. कुणाच्या मुलीचं लग्न असतं, कुणाचं आजारपण. नुसती उचल देण्यात गैर काही नाही. पण "फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही" असं म्हटलं की प्रकरण १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात बसतं, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. असं कर्ज कायद्यानं बुडीतच धरलं जातं. ते वसूल करणं हा वेगळा गुन्हा. कर्ज त्या प्रकारचं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारीही पैसे देणाऱ्यावर असते.

म्हणून उचल द्या, पण चिठ्ठीवर. तारीख, रक्कम, दरमहा किती कापणार, व्याज नाही, आणि काम कधीही सोडता येईल, एवढं स्वच्छ मराठीत लिहा. माणूस हिंदी किंवा ओडिया बोलणारा असेल तर त्याच्या भाषेत. वाचता येत नसेल तर त्याच्याच ओळखीच्या माणसाकडून वाचून दाखवा. एक प्रत त्याच्याकडे राहू द्या. १२,००० ची उचल असेल आणि महिन्याला १,००० कापायचे ठरले असतील तर बाराव्या महिन्यात खातं बंद झालंच पाहिजे. ते होत नसेल तर मधे काहीतरी चढवलेलं असतं : फुटलेल्या प्लेटा, खाड्याचा दंड, खोलीचं भाडं, गावी जायचं तिकीट. या चार नोंदी शोधा आणि खोडा.

किमान वेतनाचंही इथंच बघा. एशियाडच्या, म्हणजे दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या, बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही घटनेच्या कलम २३ नुसार सक्तीची मजुरीच. कोणी "मी राजीखुशीनं करतो" म्हणाला तरी.

कंत्राटदाराला बाजूला ठेवून माणसांशी बोला

कंत्राटदारासमोर कुणी खरं बोलत नाही. चहाच्या वेळी, एकेकाशी, सहज बोला. आधार कार्ड कुणाकडे आहे? एटीएम कार्ड? मोबाइल रात्री जवळ असतो का? उद्या आई आजारी पडली तर कुणाला विचारून जाशील? पगार हातात येतो की "गावी पाठवला" असं सांगतात? उत्तर देण्याआधी माणूस मागं वळून बघायला लागला तर तेच उत्तर समजा.

पैसे शक्यतो थेट त्यांच्या खात्यात टाका आणि कंत्राटदाराचं कमिशन वेगळं द्या. जो कंत्राटदार याला तयार होत नाही, त्याला काम देऊ नका. चौदा वर्षांखालचं पोर कुठल्याच कामावर नको, "भाचा आहे, शाळेला सुट्टी आहे" असं कुणी सांगितलं तरी नको.

मग कोळशाकडे या

भाजी, किराणा यांची साखळी लांबलचक असते; सगळीकडे आपण पोचत नाही. मी तंदूरच्या कोळशापासून सुरुवात केली, कारण तिथला धोका ठाऊक असलेला आहे. रायगड-ठाण्याकडची कातकरी कुटुंबं पावसाळ्यात हाताला काम नसताना मुकादमाकडून उचल घेतात. पाऊस सरला की लेकराबाळांसह भट्टीवर जातात. लाकूड तोडायचं, रचायचं, माती लिंपून दिवसरात्र धुमसत ठेवायचं. मोजणी पोत्यावर. सीझन संपला की मुकादम सांगतो, "अजून फिटली नाही," आणि बाकी पुढच्या वर्षावर जाते. वीटभट्टीचं गणितही असंच.

व्यापाऱ्याला विचारा : कोळसा कुठल्या गावचा, भट्टी कुणाची, पोत्यामागं मजुराला किती, पोतं कोण मोजतं? सीझनमध्ये एकदा स्वतः जाऊन या. पालांपाशी शाळेच्या वयाची पोरं दिवसा दिसतात का बघा, आणि बायांना विचारा की शेवटचा हिशेब कधी झाला. भावही तपासा. बाजारापेक्षा फारच स्वस्त पोतं मिळत असेल तर ती घट कुणाच्या तरी मजुरीतून आलेली असू शकते. मी दर वाढवून दिला, पण मजुरीची नोंदवही बघायला मिळेल या अटीवर.

काही सापडलं तर

तिथंच आवाज चढवू नका. मुकादमाला वास लागला तर रातोरात ट्रक भरून कुटुंबं हलवली जातात आणि मग कुणाचाच पत्ता लागत नाही. माल लगेच बंद करू नका, आधी कळवा. वेठबिगारांना सोडवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. जिल्ह्याला आणि उपविभागाला त्यासाठी दक्षता समितीही असते. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मूल असेल तर १०९८, जिवाला धोका असेल तर ११२.

सुटका झाली की प्रत्येकाच्या नावानं मुक्तता प्रमाणपत्र निघालंय का, याचा पाठपुरावा करा. कागद नसेल तर तातडीची ३०,००० रुपयांपर्यंतची मदत आणि पुढची पुनर्वसनाची रक्कम अडकते, घरात खायला नसतं, आणि पुढच्या पावसाळ्यात तोच मुकादम दारात उभा राहतो. अर्जात गाव, शिवार, भट्टीपर्यंतचा रस्ता, किती कुटुंबं, किती मुलं आणि गाडीचा नंबर, एवढं लिहिलेलं असू द्या.