मिरचीवरील फुलकिडा ओळखताना: नव्या अभ्यासकांसाठी काही अनुभव

कीटकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी मला मिळालेला विषय कागदावर एका ओळीचा होता: नाशिक जिल्ह्यातील मिरची, द्राक्ष आणि बांधावरच्या झाडांवरील फुलकिडे ओळखणे व त्यांच्या यजमान वनस्पती, म्हणजे ज्यांवर ते वाढतात त्या वनस्पती, नोंदवणे. फुलकिडे म्हणजे थ्रिप्स हे अगदी बारीक कीटक; नावामुळे ते फुलांतच राहतात असा समज होतो. परंतु मिरचीवरील सिर्टोथ्रिप्स डॉर्सालिस ही जात प्रामुख्याने कोवळी पाने, शेंडे आणि कोवळी फळे यांच्या पेशी फोडून त्यांतील रस शोषते. हूड या अमेरिकी तज्ज्ञाने १९१९ साली दक्षिण भारतातील नमुन्यांवरून तिचे वर्णन केले.

नमुने गोळा करताना शेंडा पांढऱ्या ट्रेवर हलकेच झटकावा आणि ओल्या, बारीक कुंचल्याने किडे उचलून ६० ते ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत. माझे सुरुवातीचे सगळे नमुने मी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवले. ते इतके ताठर झाले, की स्लाइडवर त्यांचे पंख आणि शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) पसरता येईनात, आणि एका हंगामाचे काम मला पुन्हा करावे लागले. तीव्र अल्कोहोल डीएनए तपासणीच्या नमुन्यांसाठी मात्र राखून ठेवावे. या जातीत ती तपासणी महत्त्वाची आहे, कारण या एकाच नावाखाली दिसायला जवळजवळ सारख्या अशा किमान नऊ जाती दडलेल्या असल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

या जातीची मादी जेमतेम एक मिलिमीटर लांब आणि फिकट पिवळी असते; पोटाच्या खंडांवरील वरच्या बाजूच्या पट्ट्यांच्या मध्यभागी गडद डाग दिसतात. एवढ्यावर नाव देऊ नये, कारण थ्रिप्स पाल्मी ही जातही पिवळीच असते. तिच्या शृंगिकेला सात खंड असतात, तर सिर्टोथ्रिप्स डॉर्सालिसच्या शृंगिकेला आठ. त्यानंतर पुढच्या पंखाची दुसरी शीर पाहावी: डॉर्सालिसमध्ये तिच्यावर दोनच राठ केस असतात, पाल्मीमध्ये त्यांची सलग ओळ असते. पोटाच्या पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना ओळींनी दाटलेले सूक्ष्म रोम दिसले, म्हणजे माझी खात्री पटते. मिरचीच्या फुलांत गर्दी करणारी गडद तपकिरी मादी दिसल्यास थ्रिप्स पार्विस्पायनस या जातीचा विचार करावा. भारतात तिची नोंद २०१५ साली बंगळूरजवळ पपईवर झाली आणि २०२१ मध्ये आंध्र प्रदेश व तेलंगणातील मिरचीचे तिने मोठे नुकसान केले.

पानांच्या लक्षणांवर विसंबू नये. फुलकिड्यांमुळे मिरचीची पाने वरच्या बाजूला, तर कोळ्यांमुळे (रस शोषणाऱ्या सूक्ष्म माइट्समुळे) खालच्या बाजूला वळतात. शेतकरी या दोन्हींना आणि विषाणूजन्य विकृतीलाही चुरडा-मुरडाच म्हणतात. त्यामुळे शेतकऱ्याचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे, पण नोंद पान भिंगाखाली पाहूनच करावी.

माझी सर्वांत मोठी चूक यजमान वनस्पतींच्या बाबतीत झाली. मिरचीच्या प्लॉटलगतच्या ज्वारीवर आणि गाजरगवतावर मला प्रौढ मादी सापडल्या आणि मी दोन्ही वनस्पती यादीत घातल्या. मार्गदर्शक सरांनी यादी वाचून एवढेच विचारले, “पिल्ले कुठे आहेत?” माझ्याकडे उत्तर नव्हते. प्रौढ फुलकिडे वाऱ्यासोबत कुठेही जाऊन बसतात. ज्या झाडाच्या पेशीत मादी अंडी घालते आणि ज्यावर पिल्ले वाढतात, तेच खरे यजमान. डाळिंब, द्राक्ष, आंबा, गुलाब, एरंड ही या जातीची प्रसिद्ध यजमान झाडे आहेत, परंतु आपल्या गावातील झाडावर ती वाढते का, हे आपण स्वतः पाहिल्याशिवाय लिहू नये. यादी लांब दिसावी हा मोह मला होता, आणि तो तुम्हालाही होईल.

पिल्लांवरून जात ठरवणे नवख्याला फार कठीण जाते, म्हणून त्यांना वाढवावे. मी बांधावरच्या एरंडाची पिल्ले असलेली कोवळी पाने झाकणाला बारीक जाळी लावलेल्या डब्यात, ओलसर टिपकागदावर ठेवली. पाने सुकू लागली की शेजारी त्याच झाडाचे ताजे पान ठेवत गेले. कोषावस्थेत किडे खात नाहीत आणि आडोशाला जातात. त्यामुळे टिपकागदाच्या घड्या फेकून न देता रोज तपासाव्यात. तिथूनच मला पिवळ्या प्रौढ मादी मिळाल्या, त्यांच्या स्लाइड केल्या, आणि लेबलवर गाव, तारीख, झाडाचे नाव यांखाली ‘पिल्लांपासून वाढवलेले’ असे लिहिले.