डिस्लेक्सिया असलेल्या सहकाऱ्याला कामात साहाय्य कसे करावे

डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनात येणारी विशिष्ट अडचण, शाळेबरोबर संपत नाही. अक्षरे आणि त्यांचे ध्वनी यांची सांगड सहजपणे बसत नसल्यामुळे वाचन सावकाश होते, शुद्धलेखन चुकते आणि तोंडी सूचनांचा क्रम लक्षात ठेवणेही अनेकांना जड जाते. बुद्धिमत्तेशी मात्र त्याचा संबंध नसतो. म्हणून एखादा अहवाल उशिरा आला किंवा त्यात चुका राहिल्या, तर निष्काळजीपणाचा ठपका ठेवण्यापूर्वी वरिष्ठांनी त्या कामात वाचन-लेखनाचा भार किती आहे, हे पाहावे.

सुरुवात एकांतात बोलून करावी. निदानाविषयी खोदून विचारू नये. नेमके कुठे अडते आणि कशाने सोपे जाते, एवढेच विचारावे. कित्येक प्रौढांनी ही अडचण वर्षानुवर्षे लपवलेली असते, त्यामुळे संमतीशिवाय ती इतरांना कळू देणे हा विश्वासघातच ठरतो.

सर्वांत मोठा फरक पडतो तो सूचना देण्याच्या पद्धतीने. तोंडी सांगितलेले काम थोडक्यात लिहूनही द्यावे आणि ईमेलमध्ये काय करायचे व कधीपर्यंत, हे पहिल्याच ओळीत सांगावे. बैठकीची कागदपत्रे आदल्या दिवशी तरी पाठवावीत. ऐनवेळी सर्वांसमोर मोठ्याने वाचायला किंवा इतिवृत्त लिहायला सांगणे कटाक्षाने टाळावे. मजकुराचे अक्षर साधे, 12 ते 14 पॉइंटचे असावे, ओळींमध्ये सुमारे दीडपट अंतर ठेवावे आणि महत्त्वाचे शब्द अधोरेखित किंवा तिरके न करता ठळक करावेत. डिस्लेक्सियासाठी म्हणून खास तयार केलेल्या फॉन्टचा उपयोग होतो, याला भक्कम पुरावा नाही. अक्षरांचा आकार आणि मोकळी जागा यांकडेच लक्ष द्यावे.

मजकूर वाचून दाखवणारी आणि बोललेले टाइप करणारी सोय बहुतेक संगणकांत व फोनमध्ये असते. ती वापरायला शांत जागा आणि हेडफोन द्यावेत. स्वतः लिहिलेला मजकूर ऐकल्यास नजरेतून निसटलेले शब्द सापडतात. आकडे पुन्हा टाइप करण्याऐवजी कॉपी करावेत आणि महत्त्वाची आकडेवारी दुसऱ्याकडून तपासून घ्यावी.

कामाचे मूल्यमापन करताना, शुद्धलेखन हाच कामाचा गाभा नसेल तर, त्यावरून गुण कापू नयेत. ठरवलेल्या सोयी उपयोगी पडतात का, हे काही आठवड्यांनी त्याच व्यक्तीला विचारावे. जबाबदारी बदलली किंवा नवी संगणकप्रणाली आली, तर ही चर्चा पुन्हा करावी.